छोट्या गाडीची देखभाल: सर्व्हिसिंगचे बिल कसे वाचावे आणि वर्षाचा खर्च कसा आखावा

लहान पेट्रोल गाडीच्या नियमित देखभालीवर किती खर्च व्हायला हवा, हे ठरवण्याचा सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे गाडीबरोबर मिळालेली मालक-पुस्तिका. बहुतेकांच्या गाडीत ती डॅशबोर्डच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली पडलेली असते. हरवली असल्यास कंपनीच्या संकेतस्थळावर ती सहसा विनामूल्य मिळते. पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत देखभालीचा तक्ता असतो. कोणता भाग किती किलोमीटरनंतर किंवा किती महिन्यांनंतर तपासायचा आणि कोणता बदलायचा, हे त्यात स्पष्ट दिलेले असते. या पानांचे छायाचित्र मोबाईलमध्ये असावे, कारण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर होणारे बहुतेक वाद या एका तक्त्याने मिटू शकतात.

पुढील विवेचनात ऑल्टो, वॅगन आर, सेलेरिओ, क्विड यांसारखी सुमारे एक लिटर इंजिनाची, मॅन्युअल गियरची, पेट्रोलवर चालणारी आणि वर्षाला साधारण दहा हजार किलोमीटर धावणारी गाडी गृहीत धरली आहे. किमती सध्याच्या बाजारभावाने अंदाजे दिल्या आहेत. शहर, मॉडेल आणि भागाचा ब्रँड यांनुसार त्यांत फरक पडेल.

वेळापत्रक आणि ‘मोफत’ सर्व्हिसिंग

मारुतीच्या गाड्यांचे वेळापत्रक उदाहरणादाखल घेऊ. पहिली सर्व्हिसिंग १,००० किलोमीटर किंवा एक महिना, दुसरी ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, तिसरी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष आणि त्यानंतर दर १०,००० किलोमीटर किंवा दर वर्षी, असा तो क्रम आहे. प्रत्येक ठिकाणी अंतर आणि काळ यांपैकी जे आधी येईल ते धरायचे असते. गाडी वर्षभरात तीनच हजार किलोमीटर धावली म्हणून सर्व्हिसिंग पुढे ढकलणारे अनेक मालक असतात, परंतु इंजिन ऑईल नुसत्या उभ्या गाडीतही ओलावा आणि हवेच्या संपर्काने खराब होत असल्याने वर्षाची मर्यादा पाळणे आवश्यक ठरते.

पहिल्या तीन सर्व्हिसिंगना ‘मोफत’ म्हटले जाते ते केवळ मजुरीपुरते. ऑईल, फिल्टर आणि इतर लागणारे साहित्य यांचे पैसे ग्राहकालाच द्यावे लागतात. त्यातही १,००० किलोमीटरची भेट बहुतांशी तपासणीची असते, त्यामुळे त्या वेळी मोठे बिल हाती आल्यास त्यातील प्रत्येक ओळीचे कारण विचारावे.

पुस्तिकेतील आणखी एक भाग सहसा वाचला जात नाही. धुळीचे रस्ते, सतत थांबत-थांबत चालणारी वाहतूक, इंजिन पूर्ण तापण्याआधीच संपणारे छोटे प्रवास अशा खडतर वापरासाठी तेथे वेगळे आणि अधिक जवळचे वेळापत्रक दिलेले असते. घरापासून शाळा, शाळेपासून मंडई एवढीच ज्या गाडीची रोजची फेरी आहे ती गाडी कमी चालते म्हणून सुस्थितीत असेल असे नाही. तिच्या इंजिनाच्या दृष्टीने हा वापर खडतरच आहे. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरांमागून कच्च्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा एअर फिल्टरही तक्त्यात दिलेल्या अंतराच्या बराच आधी भरतो.

इंजिन ऑईल

नियमित सर्व्हिसिंगच्या बिलातील सर्वांत महत्त्वाची ओळ इंजिन ऑईलची असते. तीत तीन गोष्टी पाहायच्या: दर्जा, प्रमाण आणि दर.

ऑईलचा दर्जा डब्यावर ०डब्ल्यू-१६, ५डब्ल्यू-३० अशा आकड्यांनी लिहिलेला असतो. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑईल किती सहज वाहते ते सांगतो आणि नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहते ते सांगतो. मारुतीच्या अलीकडच्या के-मालिकेतील अनेक इंजिनांना ०डब्ल्यू-१६ हे पातळ ऑईल लागते, तर त्याच नावाच्या जुन्या गाड्यांना ५डब्ल्यू-३० चालत असे. ‘आपल्याकडे उष्मा जास्त, म्हणून दाट ऑईल घाला’ असा सल्ला काही मेकॅनिक मनापासून देतात. मात्र इंजिनातील फटी, ऑईल पंप आणि इंधनाची बचत यांचा हिशेब कंपनीने विशिष्ट दर्जा धरून केलेला असतो. पुस्तिकेत जो दर्जा लिहिला आहे तोच वापरावा, या मताचा मी आहे.

प्रमाणाच्या बाबतीत, एक लिटरच्या लहान इंजिनाला फिल्टरसह साधारण अडीच ते सव्वातीन लिटर ऑईल पुरते. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. बिलात साडेतीन किंवा चार लिटरचा पूर्ण डबा लावलेला दिसल्यास उरलेले ऑईल मागून घ्यावे. ते आपल्या पैशांचे आहे. गाडी ताब्यात घेताना सपाट जमिनीवर बॉनेट उघडून ऑईलची पट्टी बाहेर काढावी, पुसावी, पुन्हा घालून काढावी आणि ऑईल दोन खुणांच्या मध्ये आहे याची खात्री करावी. वरच्या खुणेपलीकडे भरलेले ऑईलही घातक असते, कारण फिरणारा क्रँकशाफ्ट (इंजिनातील मुख्य दांडा) ते घुसळून त्याचा फेस करतो आणि फेसाळ ऑईलचे वंगण कमी पडते.

सिंथेटिक ऑईलचा दर लिटरला साधारण ५०० ते ९०० रुपये आहे, ऑईल फिल्टर शंभर ते दोनशे रुपयांत मिळतो. ऑईल बदलताना फिल्टर आणि निचऱ्याच्या बोल्टचा वॉशर दोन्ही बदलायलाच हवेत. वॉशर काही रुपयांचा असतो, पण जुनाच ठेवल्यास ऑईल पाझरू लागते.

बाकीचे नियमित भाग

एअर फिल्टर दोनशे ते चारशे रुपयांचा आणि एसीचा केबिन फिल्टर दोनशे ते पाचशे रुपयांचा असतो. बहुतेक लहान गाड्यांत हे दोन्ही पाच-दहा मिनिटांत घरी बदलता येतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी मजुरी लावलेली असल्यास ती मान्य करण्यापूर्वी विचार करावा. स्पार्क प्लग साधे निकेलचे असतील तर प्रत्येकी शंभर-दीडशे रुपयांत येतात. इरिडियमचे महाग, परंतु बरेच अधिक टिकाऊ असतात. आपल्या इंजिनात कोणते आहेत हे ठाऊक नसताना ते बदलण्यास होकार देऊ नये. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) संपूर्ण बदलण्याचे अंतर गाडीगणिक फार वेगळे असते. टाकीतील पातळी उतरत असेल तर गळती शोधावी आणि त्यात नळाचे पाणी कदापि घालू नये, कारण क्षारांमुळे रेडिएटरच्या नळ्या चोंदतात.

पेडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या ब्रेक फ्लुइडबाबत मात्र थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे आहे, कारण हा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावा जितका वाढेल तितका त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ दर्जाच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; ओलावा शोषलेल्या फ्लुइडसाठी हीच किमान पातळी १४० अंश आहे. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० आणि १५५ अंश आहेत. आंबोली, ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवल्यास चाकांजवळचे ब्रेक प्रचंड तापतात. जुन्या फ्लुइडला त्या उष्णतेने उकळी फुटली की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल खाली जाते पण गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी हे फ्लुइड बदलण्याचा खर्च मजुरीसह हजार रुपयांच्या आत-बाहेर असतो. माझ्या मते संपूर्ण तक्त्यात एवढ्या कमी पैशांत एवढी सुरक्षितता देणारे दुसरे काम नाही.

जुनी गाडी विकत घेतलेल्यांनी इंजिनाला टायमिंग चेन आहे की टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळी उघडझाप करवणारी साखळी किंवा पट्टा), हे अवश्य विचारून घ्यावे. चेन सहसा इंजिनाच्या आयुष्यभर चालते. बेल्ट असेल, जसा जुन्या ह्युंदाई सँट्रोमध्ये असे, तर तो ठरलेल्या अंतरावर बदलावाच लागतो. धावत्या इंजिनात तो तुटल्यास व्हॉल्व्ह वाकण्याचा धोका असतो आणि मग इंजिन उघडण्याशिवाय पर्याय उरत नाही.

झिजणारे भाग: टायर, ब्रेक, बॅटरी, क्लच

यांचा खर्च वर्षाच्या बिलात दिसत नाही, म्हणून तो हिशेबात धरला जात नाही आणि एकदम समोर आला की जड वाटतो. लहान गाडीचा एक टायर तीन ते साडेचार हजारांना पडतो, म्हणजे चार टायरांचा संच बारा ते अठरा हजारांचा. हवा योग्य ठेवली तर तो चाळीस-पन्नास हजार किलोमीटर आरामात चालतो. हवेचा योग्य दाब किती, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेले असते; पंपावरील माणसाच्या अंदाजावर ते सोडू नये आणि टायर थंड असतानाच हवा तपासावी. नायट्रोजनसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि लहान गाडीच्या रोजच्या वापरात उरलेल्या टक्क्यांनी जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की तो बदलावा लागतो. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, टायरचा पृष्ठभाग त्यांच्याशी समतल झाला की ती मर्यादा आली असे समजावे. पावसाळ्यात मात्र एवढी वाट पाहू नये. नवा टायर घेताना बाजूवर कोरलेले चार अंक वाचावेत: पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दर्शवतात, म्हणजे २३२५ असे असल्यास तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. दोन-तीन वर्षे गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावाने घेऊ नये.

पुढच्या ब्रेक पॅडचा संच मजुरीसह दोन ते अडीच हजारांत बसतो आणि चालवण्याच्या सवयीनुसार तीस ते पन्नास हजार किलोमीटर टिकतो. बॅटरी तीन ते पाच वर्षे चालते आणि जुनी परत दिल्यावर साधारण चार-साडेचार हजारांना नवी मिळते. तिच्या वॉरंटी कार्डवर बहुधा दोन कालावधी असतात. पहिल्या कालावधीत बिघाड झाल्यास बॅटरी विनामूल्य बदलून मिळते, दुसऱ्यात फक्त किमतीत सवलत मिळते. दुकानदार तोंडी सांगताना दोन्हींची बेरीज सांगतो. क्लच प्लेटचा खर्च मजुरीसह सहा ते दहा हजारांच्या घरात जातो. सिग्नलवर क्लच अर्धवट दाबून गाडी तोलून धरण्याची सवय सोडली तर हा खर्च अनेक वर्षे पुढे जातो.

काउंटरवर सुचवली जाणारी जादा कामे

नियमित सर्व्हिसिंगचे बिल चार-पाच हजारांऐवजी नऊ-दहा हजार होते तेव्हा वाढ सहसा ऑईल किंवा फिल्टरमुळे झालेली नसते. इंजिन फ्लश (इंजिन आतून द्रवाने धुणे), इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारा भाग) क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन कोटिंग, इंटेरियर क्लीनिंग, डॅशबोर्ड पॉलिश अशा पाचशे ते चार हजारांच्या ओळींनी ती झालेली असते. यांतील एखादे काम कधी खरोखर लागते. इंजिन उभ्या गाडीत अडखळत असेल, तर थ्रॉटल बॉडी साफ करणे योग्यच आहे. पण लक्षण नसताना, केवळ ‘वीस हजारांना आम्ही करतोच’ म्हणून यांपैकी काहीही करून घेऊ नये. वेळेवर योग्य ऑईल बदललेल्या इंजिनाला फ्लशची गरज नसते.

एसीच्या गॅसबद्दलही असाच गैरसमज आहे. एसीची यंत्रणा बंदिस्त असते आणि गॅस पेट्रोलप्रमाणे वापरला जाऊन संपत नाही. एखाद्या-दोन वर्षांत थंडावा कमी झाला आणि गॅस घटलेला आढळला, तर कुठेतरी गळती आहे हे निश्चित. ती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणे म्हणजे तोच खर्च पुन्हा पुन्हा करणे.

गाडीच्या तळाला दिल्या जाणाऱ्या अँटी-रस्ट कोटिंगबद्दल माझे मत ठिकाणानुसार बदलते. सोलापूर किंवा जालन्याच्या कोरड्या हवेत ते टाळता येईल. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा किंवा मुंबईच्या किनारपट्टीत खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे तळाचा पत्रा लवकर गंजतो, म्हणून तेथे हा खर्च जरूर करावा. मात्र कोटिंग पावसाळ्याआधी, तळ धुऊन पूर्ण कोरडा केल्यावरच द्यायला हवे. ओल्या पत्र्यावर मारलेले कोटिंग ओलावा आतच कोंडून ठेवते.

कंपनीचे सर्व्हिस सेंटर की गल्लीतील गॅरेज

वॉरंटीच्या काळात नियमित सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करून त्याची नोंद ठेवणे शहाणपणाचे आहे. मारुतीने जुलै २०२४ पासून आपली मूळ वॉरंटी दोन वर्षांवरून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर अशी वाढवली, त्यामुळे नव्या गाडीचा मालक पहिली तीन वर्षे तरी या व्यवस्थेत राहतो. असे असले तरी ग्राहकाने स्वतःचे हक्कही जाणून घ्यावेत. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुटे भाग खुल्या बाजारात न देण्याच्या प्रकरणात १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजात काम केले एवढ्याच कारणाने वॉरंटी रद्द होईल अशी सरसकट अट घालू नये, असेही त्या आदेशात बजावले होते. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. तरीही वॉरंटी नाकारताना बाहेरच्या कोणत्या कामामुळे कोणता बिघाड झाला हे विचारणे आणि ते लेखी मागणे प्रत्येक ग्राहकाला शक्य आहे.

वॉरंटी संपल्यानंतर चांगल्या स्वतंत्र गॅरेजात मजुरी निम्म्याच्या आसपास पडते. ऑईल आणि फिल्टर आपण कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानातून पक्क्या बिलाने विकत घ्यावेत आणि मेकॅनिकला फक्त मजुरी द्यावी, ही पद्धत मला सर्वांत योग्य वाटते. त्यात भागाचा दर्जा आपल्या हाती राहतो आणि मेकॅनिकलाही त्याच्या कौशल्याचे पैसे उघडपणे मिळतात. गॅरेज निवडताना मेकॅनिक जुने काढलेले भाग स्वतःहून दाखवतो का आणि चाकाचे नट शेवटी टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळतो का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

करांचीही नोंद घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर, टायर आणि बॅटरीसह, १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी यांतील अनेक वस्तूंवर तो २८ टक्के होता. मजुरीवरही १८ टक्केच लागतो. बिलात अजूनही कुठे २८ टक्के दिसल्यास ते दुरुस्त करून घ्यावे.

पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात

मे महिन्याच्या अखेरीस वायपरची रबरे बदलावीत, दिवे तपासावेत, समोरच्या काचेखालील आणि दारांच्या तळाशी असलेली निचऱ्याची छिद्रे पानाकचऱ्यातून मोकळी करावीत. उभ्या गाडीत उंदीर शिरण्याचे प्रकार याच काळात वाढतात आणि कुरतडलेल्या वायरिंगची दुरुस्ती काही हजारांत जाते. म्हणून गाडीत खाऊचे कण राहू देऊ नयेत आणि दर दोन दिवसांनी बॉनेट उघडून पाहावे.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडल्यास ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न कोणत्याही परिस्थितीत करू नये. एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हा खर्च हजारो रुपयांत, कधी लाखाच्या जवळ जातो आणि साध्या सर्वसमावेशक विम्यात तो बहुधा नाकारला जातो. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा संरक्षण घेतलेले असल्यासच दाव्याला आधार मिळतो. सखल भागात राहणाऱ्यांनी विम्याचे नूतनीकरण करताना त्याचा विचार करावा.

वर्षाचा अंदाज

पाच वर्षे आणि पन्नास हजार किलोमीटर असा हिशेब मांडू. वार्षिक सर्व्हिसिंगचा खर्च लहान-मोठी वर्षे मिळून सरासरी पाच हजार धरला तर २५,००० रुपये होतात. टायरांचा एक संच १६,००० रुपये, बॅटरी ४,५००, ब्रेक पॅड २,५००, चाकांचे अलाइनमेंट-बॅलन्सिंग दर वर्षी ८०० प्रमाणे ४,००० आणि वायपर १,५०० रुपये. एकूण ५३,५०० रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे एक रुपया सात पैसे किंवा महिन्याला सुमारे नऊशे रुपये. याच गाडीचा पेट्रोलचा खर्च किलोमीटरला साडेपाच-सहा रुपयांच्या घरात असतो. महिन्याला हजार रुपये वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकल्यास पाचव्या वर्षी टायर आणि बॅटरी एकत्र आले तरी घरखर्चाला धक्का लागत नाही. गाडी वर्षाला चारच हजार किलोमीटर धावत असेल तर हिशेब किलोमीटरवर करू नये. ऑईल आणि बॅटरी काळानुसार बदलावेच लागत असल्याने महिन्याचा आकडा फारसा कमी होत नाही. पाच वर्षांनंतर सस्पेन्शनचे बुश, व्हील बेअरिंग आणि क्लच यांची भर पडते, म्हणून सहाव्या वर्षापासून ही रक्कम दीडपट करावी.

सीएनजी गाडीच्या मालकांनी यात सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली चाचणी) मिळवावी. ती कायद्याने बंधनकारक आहे, काढणे-बसवणे धरून साधारण दोन-तीन हजार लागतात आणि पुढील चाचणीची तारीख सिलिंडरवरील पट्टीवर असते.

गाडी देताना आणि घेताना

गाडी देताना जॉब कार्डवर (केंद्राने कामाची नोंद केलेल्या कागदावर) किलोमीटरचा आकडा, पेट्रोलची पातळी, आपल्या तक्रारी आणि अंदाजे रक्कम लिहून घ्यावी. ‘या रकमेपेक्षा जास्त काम असल्यास आधी संदेश पाठवून संमती घ्यावी आणि बदललेले जुने भाग परत द्यावेत’ असे वाक्य त्यावर स्वतःच्या हाताने लिहावे. तक्रार सांगताना ‘ब्रेक बघा’ असे मोघम न म्हणता ‘तासाला चाळीसच्या वेगात ब्रेक दाबल्यावर डाव्या पुढच्या चाकातून घासल्यासारखा आवाज येतो’ असे नेमके सांगितले तर मेकॅनिकचा वेळ आणि आपले पैसे दोन्ही वाचतात. घेताना केंद्राच्या सल्लागाराबरोबर छोटी फेरी मारावी, बिल ओळीओळीने तक्त्याशी ताडावे आणि न केलेल्या कामाची ओळ पैसे भरण्याआधीच काढायला लावावी. केंद्राच्या व्यवस्थापकाकडे दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्या वेळी जॉब कार्ड, संमतीचे संदेश आणि जीएसटीचे पक्के बिल हाताशी असावे.